लोकानुनय, रेवडी, खैरात : वृत्तपत्रांतील एका शिक्क्याची ओळख

जुलै २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा आम्ही वस्त्यांमध्ये महिलांसोबत अर्ज भरत होतो. आधार बँक खात्याला जोडले आहे का, रेशनकार्ड पिवळे की केशरी, हमीपत्रावर सही झाली का, हेच दिवसभर चालायचे. संध्याकाळी गुलमंडीत चहाला थांबलो की समोर दिवसभराचे पेपर पडलेले असत. त्यात याच योजनेसाठी ‘लोकानुनयी निर्णय’, ‘रेवडी’, ‘निवडणुकीची खैरात’ असे शब्द दिसत. नोव्हेंबरमध्ये विधानसभेचा निकाल लागला आणि तीच योजना अनेक ठिकाणी ‘मास्टरस्ट्रोक’ आणि ‘गेमचेंजर’ झाली. २०२५ उजाडले आणि ती पुन्हा ‘तिजोरीवरचा भार’ ठरली. योजना तीच आणि रांगेतल्या बायकाही त्याच होत्या, शब्द मात्र तीनदा बदलला.

हा शब्द आला कुठून, त्याचा अर्थ काय, तो कोणाला लावला जातो आणि कोणाला लावला जात नाही, याची एकत्र माहिती आपल्या वाचकांच्या हाती असावी म्हणून हा लेख. लेखात कोणत्याही योजनेची बाजू घेतलेली नाही. शिक्का मारला की कोणते प्रश्न विचारायचे राहून जातात, एवढेच आम्हाला दाखवायचे आहे. त्यातला एक प्रश्न थेट आपल्या समाजाच्या निधीचा आहे.

शब्दाचे तीन अर्थ

इंग्रजीतील ‘पॉप्युलिझम’ या शब्दासाठी मराठीत लोकानुनय, लोकरंजन, लोकानुरंजन, लोकप्रियतावाद असे अनेक शब्द वापरले जातात. वृत्तपत्रांत ‘लोकानुनय’ सर्वाधिक रुळला आहे. व्यवहारात त्याचे तीन वेगवेगळे अर्थ होतात.

पहिला अर्थ पैशाचा. मतांवर डोळा ठेवून सरकारी तिजोरीतून रक्कम, वस्तू किंवा सवलत देणे. दुसरा अर्थ भाषेचा. गर्दीला आवडेल तेच बोलणे, अवघड प्रश्नाला सोपे उत्तर देणे. तिसरा अर्थ राजकारणाच्या मांडणीचा. समाजाची ‘खरी जनता’ आणि ‘जनतेचे शत्रू’ अशी विभागणी करायची आणि खऱ्या जनतेचा आवाज फक्त आम्हीच, असा दावा करायचा.

राज्यशास्त्राचे अभ्यासक प्रामुख्याने तिसऱ्या अर्थाने हा शब्द वापरतात. आपली वृत्तपत्रे तो प्रामुख्याने पहिल्या अर्थाने वापरतात. घोटाळा इथूनच सुरू होतो.

मराठी प्रतिशब्दाने तो आणखी वाढवला. ‘अनुनय’ म्हणजे मनधरणी. ‘अल्पसंख्याकांचा अनुनय’ या राजकीय आरोपातला ‘अनुनय’ हाच. म्हणजे ‘लोकानुनय’ म्हणताच निकाल आधीच दिलेला असतो, की कोणी तरी कोणाची तरी लायकी नसताना मनधरणी केली. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ‘लोक’ आहेत. मराठी शब्दात लोकांपेक्षा मनधरणीवर जोर पडतो.

शब्दाचा उगम

अमेरिकेत कर्जाने आणि रेल्वे कंपन्यांच्या भाड्याने पिचलेल्या शेतकऱ्यांनी १८९२ मध्ये ओमाहा येथे ‘पीपल्स पार्टी’चा जाहीरनामा मंजूर केला. या पक्षाच्या लोकांना ‘पॉप्युलिस्ट’ म्हटले जाऊ लागले. त्यांच्या मागण्या होत्या : उत्पन्नानुसार वाढत जाणारा प्राप्तिकर, सिनेटरांची थेट लोकांकडून निवड, रेल्वेवर सरकारी मालकी. त्या काळी या मागण्यांची भरपूर टिंगल झाली. पण १९१३ मध्ये प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट निवड या दोन्ही गोष्टी घटनादुरुस्तीने अमेरिकेच्या राज्यघटनेत आल्या.

त्याच्या थोडे आधी, १८७० च्या दशकात, रशियात ‘नारोदनिक’ नावाने ओळखले जाणारे शिकलेले तरुण खेड्यांत शेतकऱ्यांमध्ये गेले. त्यांचाही उल्लेख या शब्दाच्या इतिहासात येतो. पुढे अर्जेंटिनातील हुआन पेरॉन यांच्या राजवटीमुळे कामगारांना सवलती देणारा, स्वतःला जनतेचे रूप मानणारा नेता, असा अर्थ त्याला चिकटला.

अभ्यासक काय सांगतात

डच अभ्यासक कास मुड्डे यांनी २००४ मध्ये केलेली मांडणी आज सर्वाधिक वापरली जाते. समाज ‘शुद्ध जनता’ आणि ‘भ्रष्ट अभिजन’ अशा दोन गटांत विभागलेला आहे, असे मानणारी विचारसरणी म्हणजे पॉप्युलिझम. जर्मन अभ्यासक यान-वेर्नर म्युलर यांनी २०१६ च्या पुस्तकात आणखी एक कसोटी दिली. अभिजनांवर टीका करणारा प्रत्येक जण पॉप्युलिस्ट नसतो. ‘जनता म्हणजे फक्त आम्ही’ असे म्हणून इतरांना जनतेतूनच वगळणारा पॉप्युलिस्ट असतो. याउलट अर्नेस्टो लाक्लाऊ यांनी २००५ मध्ये वेगळी बाजू मांडली. वेगवेगळ्या वंचित गटांच्या मागण्या एकत्र येऊन ‘आम्ही लोक’ उभे राहणे ही राजकारणातली मूलभूत प्रक्रिया आहे आणि तिला केवळ रोग म्हणता येत नाही, असे त्यांचे म्हणणे.

या तिघांच्या मांडणीत महिन्याला किती रुपये दिले यावर काहीही ठरत नाही, ही बाब लक्षात ठेवावी.

वृत्तपत्रे हा शब्द कसा वापरतात, यावरही संशोधन झाले आहे. टिम बेल, स्टाईन फान केसेल आणि पॉल टॅगार्ट यांनी २०११ मध्ये ब्रिटनमधील वृत्तपत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या व्यक्तींना, पक्षांना आणि धोरणांना हा शब्द लावला जातो आणि बहुतेक वेळा तो कमीपणा दाखवण्यासाठी असतो, असे त्यांना आढळले. पुढे शब्दाचा वापर झपाट्याने वाढला. ‘द गार्डियन’मध्ये १९९८ साली सुमारे ३०० लेखांत तो आला होता, २०१५ मध्ये सुमारे १,००० आणि २०१६ मध्ये जवळपास २,००० लेखांत. २०१७ मध्ये केंब्रिज शब्दकोशाने त्याची वर्षाचा शब्द म्हणून निवड केली.

भारतातील प्रवास

आपल्याकडे हा शब्द बहुधा अन्न आणि अनुदानाच्या योजनांना लागला. तामिळनाडूत एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये शाळेतील पोषक दुपारच्या जेवणाची योजना मोठ्या प्रमाणावर सुरू केली. आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव यांनी १९८३ मध्ये दोन रुपये किलो तांदूळ देण्याचे आश्वासन देऊन सत्ता मिळवली. दोघांवरही लोकानुनयाचा शिक्का बसला. पण १९९५ मध्ये केंद्र सरकारने शाळकरी मुलांच्या पोषण आहाराची देशव्यापी योजना सुरू केली आणि नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश राज्यांना दिला. कालचा लोकानुनय आजचा हक्क झाला. आपल्या वस्तीतली किती मुले त्या खिचडीमुळे शाळेत टिकली, हे वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्रात १९९५ च्या युती सरकारची एक रुपयात झुणका-भाकर आणि झोपडपट्टीतील ४० लाख लोकांना मोफत घरे, शेतीपंपांना मोफत वीज, २०२० ची शिवभोजन थाळी, मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट, अशी मोठी यादी आहे. या सगळ्या योजना एका पिशवीत घालता येत नाहीत. काही लवकरच बंद पडल्या, तर काही लोकांच्या रोजच्या जगण्याचा भाग झाल्या.

याच महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. तिचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर लावण्यात आला, म्हणजे शहरातील नोकरदार आणि व्यावसायिकांच्या पैशातून गावातल्या मजुराला काम मिळाले. काम मागणे हा कायदेशीर हक्क झाला. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यासमोर हेच उदाहरण होते. पैसा कुठून येणार आणि हक्क कोणत्या कायद्याने मिळणार, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या योजनेत होती. कोणतीही योजना तपासायची तर हीच कसोटी लावावी. ‘लोकानुनय’ या एका शब्दाने ती लावता येत नाही.

‘रेवडी’ कधी आली

१६ जुलै २०२२ रोजी उत्तर प्रदेशातील जालौन जिल्ह्यात बुंदेलखंड द्रुतगती मार्गाचे उद्घाटन करताना पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘रेवडी संस्कृती’वर टीका केली. त्यानंतर हा शब्द मथळ्यांत कायमचा बसला. ऑगस्ट २०२२ मध्ये मोफत आश्वासनांविरोधातील याचिका सर्वोच्च न्यायालयाने तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाकडे पाठवली.

त्याआधी ५ जुलै २०१३ रोजी, तामिळनाडूतील टीव्ही, मिक्सर, लॅपटॉप वाटपाच्या खटल्यात, याच न्यायालयाने म्हटले होते की जाहीरनाम्यातील आश्वासन हा कायद्याने ‘भ्रष्ट आचार’ ठरत नाही. मात्र अशा वाटपाने निष्पक्ष निवडणुकीला धक्का बसतो, असेही म्हणत न्यायालयाने निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे करायला सांगितली. कायद्याच्या भाषेत हा प्रश्न असा दोन्ही बाजूंनी मांडलेला आहे. मथळ्यात त्यातली एकच बाजू उरते.

लाडकी बहीण : एक उदाहरण

२८ जून २०२४ रोजी अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्पात ही योजना जाहीर केली. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबातील महिलांना दरमहा १,५०० रुपये, वर्षाचा अंदाजित खर्च ४६ हजार कोटी. ५ ऑगस्टला योजनेविरोधातील जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. रक्षाबंधनाच्या तोंडावर पहिले दोन हप्ते खात्यात आले. दोन कोटींहून अधिक महिला योजनेत आल्या. प्रचारात महायुतीने ही रक्कम २,१०० करण्याचे, तर महाविकास आघाडीने ३,००० देण्याचे आश्वासन दिले. २३ नोव्हेंबरला निकाल लागला : भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७, अजित पवार यांची राष्ट्रवादी ४१.

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद झाली आणि २,१०० रुपयांचा निर्णय त्यात नव्हता. जुलै २०२५ मध्ये मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितले की २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र आढळल्याने त्यांचा लाभ थांबवला आहे. त्यात १४ हजारांहून अधिक पुरुषांनी लाभ घेतल्याचेही समोर आले.

या योजनेवर प्रश्न विचारायलाच हवे होते. निवडणुकीला पाच महिने उरलेले असताना ती का आली? छाननी मतदानाआधी का झाली नाही? ही योजना कायद्याने आली की शासन निर्णयाने? ती शासन निर्णयाने आली. म्हणजे ज्या सहीने ती सुरू झाली, तशाच दुसऱ्या सहीने ती बदलता येते. अपात्र ठरवलेल्या बाईला दाद मागायला भक्कम कायदेशीर आधार नाही. आमच्याकडे मेसेज दाखवत येणाऱ्या महिलांचा प्रश्न हाच असतो, “ताई, नाव का कटलं?” त्याचे उत्तर ‘रेवडी’ या शब्दात नाही आणि ‘मास्टरस्ट्रोक’ या शब्दातही नाही.

आणखी एक गोष्ट. अभ्यासकांच्या कसोटीने पाहिले तर १,५०० रुपये हा पॉप्युलिझम ठरत नाही. पण राज्याच्या तिजोरीतून आलेली रक्कम ‘भावाने बहिणीला दिलेली ओवाळणी’ म्हणून सांगितली जाते, नेत्याचा फोटो तिच्यावर येतो, तेव्हा विचार करायला हवा. शासनाचे कर्तव्य तिथे एका माणसाची कृपा बनते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजकारणातील भक्ती आणि व्यक्तिपूजा हा हुकूमशाहीकडे जाणारा रस्ता असल्याचा इशारा दिला होता. या योजनेत धोका शोधायचा तर तो इथे शोधावा. वृत्तपत्रांनी पैशाला दोष दिला आणि ओवाळणीच्या भाषेला मात्र मथळ्यात जागा दिली.

शिक्का कोणाला लागत नाही

२० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने देशी कंपन्यांचा मूळ कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. सरकारच्याच घोषणेनुसार त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागणार होता. त्या निर्णयासाठी वापरले गेलेले शब्द आठवून पाहा : ‘दिलासा’, ‘प्रोत्साहन’, ‘बूस्टर डोस’. त्याला ‘खैरात’ म्हणणारा मथळा शोधावा लागतो.

शेतकऱ्याचे कर्ज सुटले की ‘कर्जमाफी’. बँकांनी मोठी थकीत कर्जे खात्यातून काढली की ‘निर्लेखन’. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१४-१५ पासूनच्या नऊ वर्षांत १४ लाख ५६ हजार कोटींची कर्जे निर्लेखित झाली, त्यातली ७ लाख ४० हजार कोटी मोठ्या उद्योग-सेवांची होती. निर्लेखन आणि माफी एक नाही, हे इथे सांगणे आवश्यक आहे. निर्लेखनानंतरही वसुली कायद्याने सुरू राहते. पण जो खुलासा उद्योगाच्या कर्जाबाबत तत्परतेने छापला जातो, तेवढी बारकाई शेतकऱ्याच्या किंवा बचत गटातल्या बाईच्या वाट्याला येत नाही.

‘करदात्यांचा पैसा’ हा असाच दुसरा शब्द. प्राप्तिकर भरणारे मोजकेच असतात हे खरे. पण गुलमंडीत साडी, चप्पल किंवा लेकराचा गणवेश घेणारी मोलकरीणही जीएसटी भरते. करदाता एका बाजूला आणि लाभार्थी दुसऱ्या बाजूला, अशी रेषा प्रत्यक्षात नाही. बातमीने ती आखली की लाभार्थी आपोआप फुकटखाऊ ठरतो. आरक्षण आणि शिष्यवृत्तीबद्दल आपण जे टोमणे ऐकत मोठे झालो, त्यांचा सूर हाच होता.

गुलमंडीचा धडा

आता तिसऱ्या अर्थाकडे, म्हणजे ‘खरी जनता आणि इतर’ या मांडणीकडे वळू. ते शिकायला आमच्या शहराबाहेर जावे लागत नाही. पैठण गेट, औरंगपुरा आणि सिटी चौक यांच्या मध्ये वसलेली गुलमंडी ही जुन्या शहराची बाजारपेठ आणि राजकारणाचे नाकेही. मराठवाड्यातील शिवसेनेची पहिली शाखा जून १९८५ मध्ये इथेच उघडली. ८ मे १९८८ रोजी मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावरील सभेत बाळासाहेब ठाकरे यांनी शहराला संभाजीनगर म्हणायला सुरुवात केली. त्याच वर्षीच्या महापालिका निवडणुकीत पहिल्याच प्रयत्नात पक्षाला २७ जागा मिळाल्या. तेव्हापासून ३५ वर्षे शहराची जवळपास प्रत्येक निवडणूक पाणी आणि कचऱ्यापेक्षा ‘हे की ते’ यावर अधिक लढली गेली. शेवटी १६ जुलै २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ‘छत्रपती संभाजीनगर’ या नावाला मंजुरी दिली आणि २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राची मान्यता जाहीर झाली.

तारखेकडे पुन्हा एकदा पाहा. १६ जुलै २०२२. त्याच दिवशी जालौनमध्ये ‘रेवडी’चे भाषण झाले होते. शहराला कोणते नाव योग्य, हा या लेखाचा विषय नाही. पण एकाच दिवशीच्या दोन घडामोडींपैकी लोकानुनयाची चर्चा अनुदानाभोवती झाली. नामकरणाच्या बातम्या ‘अस्मिता’, ‘भावना’, ‘ऐतिहासिक निर्णय’ या शब्दांत आल्या. अभ्यासकांच्या व्याख्येला जवळची कोणती होती, हे वाचकाने ठरवावे.

‘अस्मिता’ हा शब्द आपल्याला नवा नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा विरोधकांच्या हाती हाच शब्द होता. अनंत भालेराव यांच्या ‘मराठवाडा’ या तेव्हाच्या प्रभावी दैनिकाने नामांतराच्या विरोधात भूमिका घेतली. खेड्यापाड्यांत दलितांची घरे जळाली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत १६ वर्षे गेली. ज्यांची अस्मिता छापली जाते ते ‘जनता’ ठरतात आणि ज्यांची छापली जात नाही ते ‘मागणी करणारा गट’ उरतात. शब्द निवडणारा माणूस बातमीतच बाजू ठरवत असतो, हे आपल्या आधीच्या पिढीने अंगावर झेलले आहे.

आपल्या निधीचा प्रश्न

आता मूळ मुद्दा. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात विकास निधी वेगळा ठेवायचा, ही विशेष घटक योजनेची कल्पना १९७९-८० पासूनची. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण ११.८ टक्के आहे. वसतिगृहे, शिष्यवृत्ती, स्वाधार, वस्ती सुधारणा यांचा पैसा या निधीतून येतो. यातली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तर बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, १९४४ मध्ये सुरू झालेली. संविधानाच्या कलम ४६ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक आणि आर्थिक हिताचे संवर्धन ही राज्याची जबाबदारी आहे.

मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळवल्याचे समोर आले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट हे आमच्याच शहराच्या पश्चिम मतदारसंघाचे आमदार. त्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि विभागाची गरज नसेल तर तो बंद करा, असे म्हटले. सरकारची बाजू अशी होती की या योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या महिलाही लाभार्थी आहेत, म्हणून त्यांच्यावरचा खर्च त्या शीर्षाखाली दाखवता येतो.

हा युक्तिवाद तपासून पाहू. सर्वांसाठी असलेल्या योजनेत आपल्या महिलांना मिळणारा पैसा त्यांना नागरिक म्हणून मिळायलाच हवा. त्याचा खर्च मात्र आपल्या वसतिगृहाच्या निधीतून दाखवला, तर आईच्या खात्यात आलेले १,५०० रुपये अर्थसंकल्पात लेकीच्या शिष्यवृत्तीशी स्पर्धा करू लागतात. हा प्रश्न एका पक्षाचाही नाही. कर्नाटकात या निधीसाठी २०१३ चा कायदा असूनही, काँग्रेस सरकारने २०२३-२४ मध्ये त्यातले सुमारे ११ हजार कोटी आपल्या ‘हमी’ योजनांसाठी दाखवले. महाराष्ट्रात अशा कायद्याची मागणी आंबेडकरी संघटना वर्षानुवर्षे करत आहेत. कर्नाटकचा अनुभव सांगतो की तो कायदा पळवाटा बंद करणारा हवा.

या निधीची बातमी वृत्तपत्रांनीच दिली, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. शासन निर्णय वाचणाऱ्या, लेखाशीर्ष तपासणाऱ्या वार्ताहरांमुळे ती कळली. पण चर्चासत्रांत आणि अग्रलेखांत पुन्हा जुनीच दोन टोके आली. एका बाजूला ‘रेवडी बंद करा’, दुसऱ्या बाजूला ‘बहिणींच्या पोटावर पाय देऊ नका’. ‘योजना ठेवा, पण पैसा घटक योजनेतून काढू नका’ ही तिसरी बाजू त्यात बसेना, कारण लोकानुनयाच्या वादात फक्त दोनच खुर्च्या मांडलेल्या असतात. आपल्या समाजाची भूमिका नेमकी ही तिसरी आहे.

बातमी वाचताना विचारायचे प्रश्न

वस्तीतल्या वाचन गटांत आम्ही खालील प्रश्न वापरतो. ते कोणत्याही पेपरला, कोणत्याही पक्षाच्या योजनेला लावता येतात.

१. योजना कायद्याने आली आहे की शासन निर्णयाने? लाभ नाकारला तर दाद कुठे मागायची?

२. बातमीतला आकडा कोणता? घोषणा, अर्थसंकल्पीय तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे चार वेगळे आकडे असतात.

३. पैसा कोणत्या लेखाशीर्षातून येतो? कोणाचा निधी कमी झाला?

४. बातमीत कोण बोलले आहे? अर्थतज्ज्ञ आणि नेते आहेत, पण एक तरी लाभार्थी आहे का?

५. शब्द बदलून पाहा. ‘खैरात’ च्या जागी ‘प्रोत्साहन’ लिहिले तर बातमीचा अर्थ बदलतो का? बदलत असेल तर तो अर्थ माहितीतून आलेला नाही, शब्दातून आलेला आहे.

६. हाच शब्द विरोधी पक्षाच्या तशाच योजनेला, किंवा उद्योगांच्या सवलतीला, याच पेपरने लावला होता का?

७. नेता ‘जनता’ म्हणतो तेव्हा त्या जनतेत कोण मोजलेले नाही?

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नव्हती. आपले म्हणणे आपल्या शब्दांत मांडायला आपले पत्र लागते, हे त्यांनी ओळखले होते. आज जाहिरात नाकारली जात नाही. आपल्यासाठी शब्द मात्र दुसरेच कोणी तरी निवडतात.

म्हणून पुढच्या वेळी मथळ्यात ‘लोकानुनय’ दिसला, तर रागावून पान उलटू नका आणि मान डोलावून पुढेही जाऊ नका. बातमीच्या शेवटपर्यंत जा आणि लेखाशीर्ष शोधा. ते बातमीत नसेल, तर शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर मराठीत उपलब्ध असतो. तो उघडा आणि वस्तीतल्या चार जणांसोबत वाचा.